छत, गल्ली, पलीकडची रेती

दुर्गाघाट, काशी
चैत्र, १९९४

प्रिय शरू,

छतावर बसून लिहितेय. मांडीवर पाट उलटा घेतलाय, उजव्या हाताशी काठी आहे आणि समोर जुन्या धोतरावर उडदाचे पापड वाळतायत. निम्मे आपले, निम्मे खालच्या प्रेमलाचे. पलीकडच्या कठड्यावर एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून केव्हाची बसलीय. ती पापडांकडे बघते, मी तिच्याकडे. मध्येच एखादं अक्षर वेडंवाकडं झालं तर समज, आई काठी उगारायला उठली होती.

परवा रत्नाकररावांचा फोन आला, प्रेमलाकडे. आधी हवापाण्याचं बोलले, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. जावई माणूस, सासूला एकदम कसं सांगणार? मग म्हणाले, "आई, शरू दिवाळीपासून घराबाहेर पडलेली नाही." मी म्हटलं, पडलेली नाही म्हणजे? "म्हणजे जिनासुद्धा उतरलेली नाही. दाराबाहेरची दुधाची पिशवी घेतानाही पाय आत ठेवते आणि हात लांब करते." शरू, त्या लांब केलेल्या हाताचं ऐकलं आणि मला फोन कानाशी धरवेना. प्रेमलाने स्टूल पुढे सरकवलं.

मग त्यांनी ते बाजारातलं सांगितलं. दिवाळीची खरेदी करताना तुझी छाती एकदम धडधडायला लागली, हात गार पडले, दुकानं डोळ्यांपुढे फिरली आणि तुला वाटलं, आता आपण इथेच, या अनोळखी माणसांच्या पायांत जाणार. दुकानदाराने बसवलं, पाणी दिलं, लोक जमले. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि हृदय उत्तम आहे म्हणाले. रोज थोडा वेळ मोकळ्या हवेत फिरा, एवढंच औषध सांगितलं. तू मान हलवलीस, घरी आलीस आणि जी बसलीस ती बसलीस. मला लिहिलेल्या पत्रांत मात्र शेजारणीच्या सुनेबद्दल लिहायचीस, कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचीस. मी रागावलेली नाही. मी घाबरलेय. 

घाबरलेय, कारण ते काय असतं ते मला माहीत आहे. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तुझे अण्णा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर गेले, एवढं तुला ठाऊक आहे. गमछा खांद्यावर टाकून स्नानाला निघाले आणि दारातून म्हणाले, चहा टाकून ठेव. घाटावरचा नाववाला लल्लन मल्लाह आणि आणखी दोघंतिघं त्यांना उचलून घेऊन आले तेव्हा चहा आटून पातेलं करपलं होतं. तू आलीस, दिवस झाले, तू परत गेलीस. त्यानंतर एका सकाळी मी कोथिंबीर आणायला निघाले. आपल्या गल्लीचं पहिलं वळण तुला आठवत असेल. तिथे सांड उभा होता. तो रोजचाच सांड गं, ज्याच्या पाठीवर हात टेकून मी जन्मभर पलीकडे गेलेय. त्या दिवशी त्याच्याजवळ गेले आणि पाय उचलेना. भिंतीला पाठ लावून उभी राहिले. श्वास वरच्या वर राहायला लागला. मनात एकच, हेही असेच निघाले होते, आता माझी पाळी. एका बाईने हात धरून मला घरी आणलं. कोण होती, तेही आठवत नाही. त्यानंतर मी उंबरा ओलांडला नाही.

आणि मग मी जे केलं ते आपल्या काशीतल्या बायकाच करू जाणे. ढुंढिराजशास्त्र्यांना बोलावलं आणि क्षेत्रसंन्यास घेतला. तिकडे तुझ्या शेजारणींना हे कळायचं नाही. वरुणा नदीपासून असीपर्यंत जेवढी काशी, तेवढ्यातच राहायचं, तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि इथेच मरायचं, असा तो संकल्प. शास्त्री नको म्हणाले होते. "वहिनी, लोक हा संकल्प दात पडल्यावर करतात, तुमचे सगळे शाबूत आहेत. मुलगी नाशकात दिलेली. उद्या तिला गरज लागली तर काय कराल?" मी म्हटलं, "शास्त्रीबुवा, पाणी तुम्ही सोडवताय की मी माझी सोडू?" त्यांनी पळी माझ्या हातात दिली.

संकल्प खोटा नव्हता. तुझ्या अण्णांची राख ज्या पाण्यात गेली त्याच पाण्यात आपलीही जावी, असं मनापासून वाटत होतं, आजही वाटतं. पण त्या संकल्पाच्या आड माझी भीती छान लपून बसली. काशीची सीमा वरुणेपर्यंत आहे, माझी मी उंबऱ्यापर्यंत आणली. घरी येणाऱ्या बायका वाकून नमस्कार करायच्या. कालिंदीबाई कुठे जात नाहीत, त्यांचा क्षेत्रसंन्यास आहे, असं म्हणायच्या. अगं, मी समोरच्या विठ्ठलाच्या देवळातही जात नव्हते, ते काय काशीबाहेर आहे? पण देवाधर्माने घरात बसलेल्या बाईला कोण विचारणार? तुझ्यामागे निदान एक डॉक्टर आणि एक नवरा तरी लागलाय. तूही मग मला "आई, ये ना" असं लिहायचं थांबवलंस. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

मला बाहेर काढलं ते पापडांनी. प्रेमला शाळेत शिकवायला जायची, तिचे पापड छतावर वाळायचे आणि माकडं खायची. एक दिवस ती खालच्या चौकातून ओरडली, "काकू, काशीबाहेर नका जाऊ, पण आपलं छत काशीतच आहे ना? की तिथे मेलं तर मुक्ती नाही?" मला असा राग आला की त्या रागातच जिना चढले. पण छताच्या दारात आल्यावर राग कुठे गेला कळलं नाही, नुसती मी उरले. वर एवढं मोठं आभाळ, समोर गंगा. मी दारातच बसले, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, काठी घेऊन. तिथूनच हुसकावत राहिले. माकडांनी ते लगेच ओळखलं. ही बाई दाराच्या पुढे येत नाही, म्हणून लांबच्या कोपऱ्यातले पापड निवांत बसून खाल्ले, माझ्याकडे बघत. संध्याकाळी प्रेमला म्हणाली, "वा, छान राखण केलीत! जेवायलाच वाढलंत त्यांना!" दुसऱ्या दिवशी मी दोन हात पुढे बसले. मग आणखी पुढे. पाठीवर ऊन यायला लागलं. किती महिन्यांनी पाठीवर ऊन आलं होतं, शरू. मला रडू आलं आणि तेवढ्यात एक माकड पापड घेऊन पळालं.

बसायचंच आहे तर म्हणून पुस्तक नेऊ लागले. तुला माहीत आहे, मी शाळा फारशी पाहिलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून वाचायला शिकले, म्हणून अजूनही मला गोष्ट मध्येच तुटलेली सोसत नाही. तेव्हा मी एक नेम केला. गोष्टीचं पुस्तक घरात उघडायचं नाही, ते छतावरच. एका कादंबरीतली सून माहेराहून परत आलेली, बंद दारासमोर उभी होती, आणि त्याच दिवशी प्रेमलाचे पापड वाळून संपले. दुसऱ्या दिवशी राखायला काही नव्हतं. मी सकाळभर स्वयंपाकघरात घुटमळले. शेवटी त्या सुनेला दार उघडतात की नाही हे कळल्याशिवाय भात गळ्याखाली उतरेना, म्हणून पुस्तक घेऊन वर गेले. तो पहिला दिवस, ज्या दिवशी मी कामाशिवाय बाहेर बसले.

मग मेथी निवडायची ती खाली येऊन, दाराबाहेरच्या चबुतऱ्यावर. तसं बसलं की कुणीतरी येऊन टेकतंच, आणि दुसऱ्याच्या सुनेचं ऐकताना आपली छाती धडधडतेय हे ध्यानात राहत नाही. मग वळणापर्यंत. भाजी एकदम आणायची नाही, हे मला माझंच सुचलं. एक जिन्नस मुद्दाम राहू द्यायचा. कढी फोडणीला टाकायची आणि मग कढीपत्ता आणायला निघायचं. गॅसवर कढी ठेवलेली बाई वळणावर फार वेळ घाबरत उभी राहू शकत नाही. हसू नकोस. कपडे आतल्या दोरीवर वाळत घालणं बंद केलं. केस धुतले की ते उन्हातच कोरडे करायचे, पंख्याखाली नाही. ह्या सगळ्या इतक्या बारक्या गोष्टी आहेत की कुणी डॉक्टर त्या कागदावर लिहिणार नाही. "फिरायला जा" म्हटलं की मला अजूनही धडकी भरते. "कढीपत्ता आण" म्हटलं की जाऊन येते.

मध्ये एकदा बिघडलंही. प्रेमलाला फार उत्साह आला आणि तिने मला एकदम बाजारातल्या चौकापर्यंत नेलं. रिक्षा, भोंगे, माणसं. माझे हात गार पडले. ती आपली एकसारखी म्हणतेय, "काकू, घाबरू नका, घाबरू नका." कुणी घाबरू नका म्हटलं की आणखी घाबरायला होतं, हे तिला कुठे ठाऊक? परत आले आणि पुन्हा आठ-दहा दिवस घरातच. मग पुन्हा छतापासून सुरुवात. तुझंही असं होईल. झालं तर पहिल्या पायरीवर परत यायचं, बस.

तुला खोटं सांगणार नाही. भीती गेलेली नाही. आजही गल्लीत शिरताना ती वळणावर भेटतेच. मी तिला थांब म्हणत नाही, ती येते, मीही जाते.

त्या पायऱ्यांवर जायला मला सगळ्यात उशीर लागला. इतर घाट चालायचे, पंचगंगा नको. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. ते घसरतायत, त्या उंच पायऱ्यांवरून खाली जातायत, दगडावर डोकं आपटतंय. कुणी मला असं सांगितलं नव्हतं, मीच रोज बघत होते. एका सकाळी वरच्या पायरीवर बसले, खाली बघायचं नाही असं ठरवून. लल्लनने ओळखलं. चहाचा मातीचा पुरवा आणून हातात दिला आणि स्वतः दोन पायऱ्या खाली बसला. मग आपणहून म्हणाला, "माताजी, बाबूजी गिरे नहीं थे। नहा के, कपड़ा बदल के यहीं बैठे थे, धूप में। हमसे बोले, लल्लन, आज हवा बढ़िया है। फिर हम नाव खोले, मुड़ के देखे तो वैसे ही बैठे थे।" शरू, ते पडले नव्हते. ऊन खात बसले होते. मी इतके दिवस ज्या पडण्याला भीत होते ते झालंच नव्हतं. घरात बसून हे मला कधी कळलं नसतं, कारण लल्लन घरी येऊन थोडाच सांगणार होता? त्याला वाटत होतं, मला माहीत आहे.

हे सगळं तुला लिहून पाठवावं आणि खाली लिहावं की तूही असंच कर, असं परवा फोन ठेवल्यावर ठरवलं होतं. लिहायला बसले आणि लाज वाटली. मी तुला उंबऱ्याबाहेर ये म्हणणार, आणि स्वतः वरुणेच्या अलीकडून?

काल शास्त्रीबुवांकडे गेले. थकलेत आता, अंथरुणावरच असतात. त्यांना म्हटलं, संकल्प मोडायचा तर काय करावं लागतं? त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "परत आलात तर प्रायश्चित्त सांगेन." मी विचारलं, आणि परत नाही आले तर? तिकडेच काही झालं तर? तर म्हणाले, "वहिनी, ते मला ठाऊक असतं तर मी असा इथे घाबरून पडलो असतो का?" एवढा मोठा शास्त्री, शरू, आणि तोही घाबरलेला. मला त्याने धीर आला की आणखी भीती वाटली, सांगता येत नाही.

आज सकाळी लल्लनच्या नावेतून पलीकडे गेले. गंगेच्या पलीकडची रेती काशीत मोजत नाहीत. तिकडे मेलं की पुढचा जन्म गाढवाचा, असं इथलं शेंबडं पोरही सांगतं. मी लहान असल्यापासून ती रेती समोर बघतेय आणि हे ऐकतेय. नाव मध्यावर गेली आणि मी कडेची फळी अशी धरली की नखं दुखायला लागली. रेतीला नाव टेकली तरी उतरेना. लल्लन म्हणाला, "उतरिए माताजी, हम तो रोज उतरते हैं, अभी तक कान लंबे नहीं हुए।" मी हसले आणि हसता हसताच एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. रेती गार होती.  उभी राहून मी अलीकडे बघितलं. आपले घाट मी कधी समोरून पाहिलेच नव्हते. आपलं घर शोधत होते, सापडलं नाही, सगळी छतं सारखीच दिसतात तिकडून. फार वेळ नाही थांबले. नावेत चढताना लल्लनने हात धरला. परत येऊन आंघोळ केली, आणि आता इथे बसलेय.

तर आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. मी येतेय. प्रेमलाने मुंबईच्या गाडीचं तिकीट काढून आणलंय. रामनवमी झाली की निघेन, दुसऱ्या दिवशी नाशिक रोडला उतरेन. रत्नाकररावांना स्टेशनवर पाठव. पण एक ध्यानात ठेव, मी तुझा जिना चढणार नाही. मी सीमा ओलांडून, संकल्प मोडून आलेली बाई असेन, सगळ्या वाटेने जीव मुठीत धरून बसलेली. अशा माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत. तो रत्नाकररावांनी ओवाळलेला मला चालणार नाही, शेजारणीने तर नाहीच. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तू खाली यायचंस. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दाराबाहेर उभी राहा, मी खालून तुझा आवाज ऐकेन. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणापर्यंत ये. रात्री मी रत्नाकररावांच्या बहिणीकडे झोपायला जाईन, त्यांना तसं सांगितलंय, आणि सकाळी पुन्हा तुझ्या इमारतीच्या दाराशी येऊन बसेन. मला तिथलं काही माहीत नाही, कुणी ओळखीचं नाही, आणि मला खूप भीती वाटत असेल, शरू. तू मला घ्यायला खाली ये.

तुझीच,
आई